बाराशे साठ

काजवा तिचं नाव. कंपनीनेच ठेवलेलं.
नाव पुल्लिंगी, पण आम्ही 'ती'च म्हणायचो.
पुण्याजवळच्या कुठल्याशा शेडमध्ये चाळीस काढल्या होत्या,
त्यातली एकोणिसावी ट्रकवर बसून वेंगुर्ल्याला आली:
दोन सीटची, पिस्त्याच्या रंगाची,
पोटात बारा बॅटऱ्या, बहात्तर बुचं.

दिली नर्सबाईंना, शेवंती केळुसकरांना,
महिना भाड्याने, प्रयोग म्हणून.
आणि रात्री मला,
कारण बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात
थ्री-फेज होती,
आणि थ्री-फेजपाशी मी होतो.

"पावलू, आवाज नाय, मगे ती चलता कशी?"
मासो चलता तशी, मी म्हणायचो.

खरं तर आवाज होता.
चाकांखाली जांभा कुरकुरायचा,
वळणावर बाईंचा स्टीलचा डबा सरकायचा,
त्यात कात्री, दोरा, स्पिरिट.

रोज पहाटे प्रत्येक बुचात नळी बुडवून
मी आतला काचेचा तरंगा बघायचो.
बाराशे साठ म्हणजे भरलेली.
अकराशे पन्नास म्हणजे
मोचेमाडच्या चढावर देवाचं नाव.
शिरोड्याला जाऊन परत यायला पुरायची,
वाटेत कोणी चहाला बसवलं तरी पुरायची,
बाळ आडवं असलं आणि सावंतवाडीला न्यावं लागलं तर
नाही.

मंगळवारी वीज जायची.
बुधवारी बर्फ मऊ आणि काजवा अर्धपोटी.
खारा वारा टर्मिनल खायचा, निळं-हिरवं किटण चढायचं,
सोड्याच्या पाण्याने धुऊन मी व्हॅसलीन लावायचो,
थंडीत पोराच्या नाकाला लावतात तसं.

आरवलीत एकदा जुळी झाली.
बाई आल्या कधी ते घरात कळलंच नाही.
कुत्रं भुंकलं नाही, कोंबडं उठलं नाही,
म्हातारी दार उघडते तर बाई पायरीवर,
हात धुऊन तयार.
महिनाभर ती म्हातारी सांगत होती,
बाई चालत आली नाय, गाडयेन आली नाय, उगवली.

मग मागण्या सुरू झाल्या.
काजूवाल्या पेडणेकरांना हवी, पोस्टमास्तरांना हवी,
रेडीच्या खाणीवरच्या एका साहेबाला दोन.
कंपनी लिहायची, पुढच्या वर्षी.
पुढच्या वर्षी लिहायची, पुढच्या वर्षी.

तिसऱ्या वर्षी टाइप केलेलं पत्र आलं:
प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे,
सबब वाहन परत नेण्यात येईल.

बाईंनी ते दोनदा वाचलं.
'यशस्वी' वर बोट ठेवून मला विचारलं,
"मगे नेतत कित्या?"
फंडातून पैसे काढते म्हणाल्या, किंमत सांगा.
उत्तर आलं: विकायची नाही.

शेवटच्या रात्री मी ती पुरी चार्ज केली.
बहात्तरही बुचं बाराशे साठ.
कशाला, ते माहीत नाही.
लांब जायची होती, उपाशी कशी पाठवू.

सकाळी बाईंनीच ती फळ्यांवरून ट्रकात चढवली,
एका दमात, आवाज न करता.
ट्रक सुरू झाला तो मात्र
आख्ख्या बंदराला ऐकू गेला.

पुढे माझा एक चुलतभाऊ सांगत होता,
कुठल्यातरी यार्डात दाबून पत्रे केले म्हणे.
एकोणचाळीस म्हणाला की चाळीस,
लाटेत नीट ऐकू आलं नाही.
मी परत विचारलं नाही.

बाई एसटीने फिरल्या, निवृत्तीपर्यंत.

आता सागरेश्वराकडच्या हॉटेलात
भिंतीला पांढरी पेटी लावलीय, जाड केबल,
मुंबईची एक गाडी रात्रभर टोचून उभी होती.
मी सकाळी गेलो. नळी खिशात होती.
बॉनेटखाली वाकून पाहिलं, मागून पाहिलं.
बूच कुठेच नव्हतं.

गाडीवाल्याचा मुलगा ब्रश तोंडात धरून आला,
"काका, काय शोधताय?"

काय नाय रे बाबा,
पाणी आसा काय ता बघतंय.